स्नायूंचे स्फुरण आणि मनाची धास्ती

डोळा लवला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, उजवा की डावा? पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा लवणे शुभ, हा संकेत फार जुना आहे. कण्वाच्या आश्रमात पाऊल टाकताच दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि पुढे त्याच दुष्यंताच्या राजसभेत शकुंतलेचा उजवा डोळा लवतो. कालिदासाने एक स्फुरण शकुन म्हणून योजले आहे, दुसरे अपशकुन म्हणून. अशोकवनात मारुतीची भेट होण्यापूर्वी सीतेचा डावा डोळा, डावा बाहू आणि डावी मांडी स्फुरल्याचे वाल्मीकींनी वर्णिले आहे. आपल्या इच्छेवाचून स्नायू हलतो, तेव्हा त्याला काही अर्थ असलाच पाहिजे असे माणसाला पुरातन काळापासून वाटत आले आहे. पूर्वी तो अर्थ शकुनशास्त्रात शोधला जाई; आज तो मोबाइलच्या पडद्यावर शोधला जातो आणि तिथे अपशकुनच अधिक सापडतात. पेडण्याकडे माझ्या माहेरी आजीचा डोळा लवला की ती पापणीला गवताची बारीकशी काडी लावी आणि कामाला लागे. या उपचाराला शास्त्राधार कोणता ते मी तिला कधी विचारले नाही. परंतु काडी लावल्यानंतर ती त्या डोळ्याकडे पुन्हा लक्ष देत नसे, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः रुग्ण झाल्यावर, महत्त्वाची वाटू लागली.

मी बालरोगतज्ज्ञ. गेली पंचवीसहून अधिक वर्षे वास्कोत लहान मुलांना तपासते आहे. प्रौढांच्या मज्जाविकारांवर अधिकारवाणीने लिहावे असा माझा अभ्यास नाही. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, कारण शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारी स्नायूंची फडफड आणि तिच्यामागून येणारी धास्ती हा अनुभव जितका सार्वत्रिक आहे तितका तो बोलला जात नाही. डॉक्टरांकडून तर मुळीच नाही.

माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, सुरळीत झाली आणि तिसऱ्या दिवशी मी घरी आले. बाराव्या दिवशी रात्री अंथरुणावर पडल्यावर डाव्या पोटरीत कातडीखाली अळी वळवळावी तशी हालचाल जाणवली. वेदना नव्हती, गोळा आला नव्हता. दिवा लावून पाहिले तर स्नायूचा एक लहानसा पुंजका लवत होता. चार-पाच दिवसांत उजवी मांडी, अंगठ्याच्या बुडाशी असलेला उंचवटा आणि डाव्या डोळ्याची पापणीही त्यात सामील झाली. शुभ मानावा तो डोळा लवत होता, पण शकुनावर विसंबण्याचे वय उरले नव्हते.

बालरोगतज्ज्ञाच्या मनात अशा वेळी काय येते, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक विकारात पाठीच्या कण्यातील प्रेरक चेतापेशी झिजत जातात. चार-सहा महिन्यांचे मूल बेडकासारखे पाय पसरून निपचित पडलेले असते, मान धरत नाही, आणि डोळे मात्र विलक्षण तरतरीत असतात. अशा मुलाचे तोंड उघडून आम्ही जीभ पाहतो. मूल रडत नसताना, जीभ तोंडातच स्वस्थ असताना तिच्यावर बारीक लहरी दिसल्या, तर निदान बहुधा झालेलेच असते. २०१६ साली न्युसिनर्सेन हे पहिले औषध मान्य होईपर्यंत पालकांना सांगण्यासारखे आमच्याजवळ फारसे काही नव्हते. २०१९ मध्ये जनुकोपचार आला, २०२० मध्ये तोंडाने घेण्याचे औषध आले. पण त्यांच्या किमती ऐकून सामान्य कुटुंबाने दुसऱ्यांदा हाय खावी अशी स्थिती राहिली. त्या लहानग्यांच्या जिभा मी पाहिल्या आहेत. म्हणून स्फुरण हा शब्द माझ्यासाठी कधीच निरुपद्रवी नव्हता. माझ्या पोटरीने तो उच्चारला तेव्हा मन थेट प्रौढांतील त्याच जातीच्या आजाराकडे, ए.एल.एस.कडे गेले.

आता शरीरात प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मेरुरज्जूतील एक प्रेरक चेतापेशी, तिच्यातून निघणारा लांब चेतातंतू आणि त्याच्या शेवटच्या शाखा ज्यांना मिळतात ते सारे स्नायुतंतू, असा एक संच असतो. तंतूतून एक विद्युतस्पंद गेला की संचातील सर्व स्नायुतंतू एकदम आकुंचन पावतात. हा स्पंद वरून आज्ञा नसताना, चेतातंतूतच आपोआप उत्पन्न झाला, तर कातडीखाली जी हालचाल दिसते तेच स्फुरण. बहुतेक वेळा त्याचा उगम चेतातंतूच्या स्नायूजवळच्या टोकाकडे असतो. त्या टोकाच्या आवरणातून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची जी ये-जा चालते, तिचा तोल किंचित ढळला तरी ते उतावीळ होते. जागरण, चहा-कॉफी, ताप, श्रम आणि भयामुळे रक्तात वाढणारे अ‍ॅड्रिनॅलिन हे सारे त्या उतावीळपणाला हातभार लावतात. पोटरी आणि पापणी ही त्याची आवडती ठिकाणे.

तेव्हा स्फुरण म्हणजे आजार नव्हे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या रीड आणि कर्लंड यांच्या पाहणीत ५३९ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी आपले स्नायू अधूनमधून लवतात असे सांगितले होते. ज्यांना ते सतत होते, पण ज्यांच्या तपासणीत दुसरा काहीही दोष आढळत नाही, अशांच्या अवस्थेचे वर्णन डेनी-ब्राउन आणि फोली यांनी १९४८ मध्येच केले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने अशा १२१ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, कुणाचा दोन वर्षे तर कुणाचा बत्तीस वर्षांपर्यंत. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे त्यांपैकी एकालाही प्रेरक चेतापेशींचा विकार जडला नाही. त्या रुग्णांत वैद्यकीय व्यवसायातील माणसांची संख्या लक्षणीय होती, हे वाचून मला हसू आले. पुढे २०१३ मध्ये सिडनीच्या सायमन आणि किर्नन या चेताशास्त्रज्ञांनी केवळ डॉक्टरमंडळींतील या धास्तीवर एक निबंध लिहिला आणि तिला स्वतंत्र नावही देऊन टाकले. अपवाद नोंदलेले नाहीत असे नाही. आधी केवळ स्फुरण आणि नंतर काही महिन्यांत दुर्बलता अशी तुरळक उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि धास्तावलेला माणूस नेमकी तीच शोधून काढतो.

शस्त्रक्रियेचा आणि स्फुरणाचा संबंध काय? भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी १९५१ पासून वापरात असलेले सक्सामेथोनियम हे औषध टोचल्यावर काही सेकंदांत सर्वांगाचे स्नायू लवतात आणि पुढे दोन-तीन दिवस अंग ठणकू शकते. लवकर हिंडू-फिरू लागलेल्या रुग्णांत, आणि स्त्रियांत अधिक, ही तक्रार आढळते. परंतु त्या औषधाचा अंमल काही मिनिटांचा असतो. बाराव्या दिवशीच्या स्फुरणाचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी काढल्यानंतर मात्र गोष्ट वेगळी. तिच्यामागील लहान ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातील कॅल्शियम उतरते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतो. तिथे थांबायचे नसते, त्याच दिवशी रक्त तपासायचे असते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना कॅल्शियमची ही लहर चांगली परिचयाची. पूर्वी आठवडाभराच्या बाळाला वरचे गाईचे किंवा म्हशीचे दूध सुरू केले जाई आणि त्यातील जादा फॉस्फेटमुळे बाळाला झटके येत. कानासमोर गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो, ही ख्वोस्टेकची खूण विद्यार्थिदशेत शिकलेली पुढे प्रत्यक्षात पाहायला मिळे.

मॅग्नेशियमचेही असेच. शस्त्रक्रियेनंतर आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू होतात आणि पुष्कळांच्या त्या महिनोन्महिने, काहींच्या वर्षानुवर्षे चालूच राहतात. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, दम्यासाठीचे सालबुटामोल, स्टेरॉइड, थायरॉइडची जास्त झालेली मात्रा, यांचीही चौकशी करावी. आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. कुणी वैदूने दिलेली धातुमिश्रित पूड किंवा भस्म रुग्ण घेतो आहे काय? सतत आणि सर्वांगात चालणाऱ्या स्फुरणाचे एक दुर्मिळ दुखणे आहे. हायाम आयझॅक्स यांनी १९६१ मध्ये ते वर्णिले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. भारतातील अशा काही रुग्णांत धातुयुक्त औषधांचा इतिहास आढळला आहे. शेतात किंवा बागायतीत फवारणी करणाऱ्याचे स्नायू अचानक लवू लागले, घाम आणि लाळ सुटली, तर ते विषबाधेचे लक्षण समजून तातडीने रुग्णालय गाठावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात गोदीवर घाम गाळणाऱ्या कामगाराच्या पायात येणारे गोळे हा मिठाच्या ऱ्हासाचा प्रकार. तो पुन्हा निराळा.

माझे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, थायरॉइड, सारे ठीक निघाले. उरले ते इतकेच की मी पंधरा दिवस अंथरुणात होते, अन्न नीट जात नव्हते, झोप तुटक होती, पोटऱ्या सैल पडल्या होत्या आणि डोक्यात दुसरा विचार नव्हता. 'कारण सापडले नाही' या वाक्याचा बहुतेक वेळा एवढाच अर्थ असतो. एकच मोठे कारण नसते, पाच-सहा लहान कारणे एकत्र नांदत असतात.

घाबरण्याजोगे काय, हेही स्पष्ट लिहायला हवे. प्रेरक चेतापेशींच्या विकारात कथा स्फुरणाची नसते, दुर्बलतेची असते. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना पाऊल घसटते, शब्द जड येतात, पाणी पिताना ठसका लागतो. आणि हे सर्व आठवड्यागणिक वाढत जाते. स्नायू दिसण्याजोगा झिजतो. यांतील काही आढळल्यास विलंब न लावता चेतातज्ज्ञाला दाखवावे. 'पाय जड वाटतो' आणि 'पाय उचलत नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. टाचांवर चार पावले आणि चवड्यांवर चार पावले चालता येणाऱ्या माणसाची पोटरी लवत असेल, तर डॉक्टर निश्चिंत असतात, रुग्ण मात्र नसतो.

मज्जाविकार नसताना धास्ती कशी टिकून राहते, हा माझ्या मते या विषयाचा खरा गाभा. रोज रात्री मी आरशासमोर जीभ बाहेर काढून पाहत असे. बाहेर काढलेली निरोगी जीभही थरथरते, ती तोंडात स्वस्थ असतानाच पाहायची असते, हे मी विद्यार्थ्यांना शिकविलेले होते. ज्ञानाचा उपयोग झाला नाही. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून झाला. अर्धा सेंटिमीटर फरक निघाला. असा फरक बहुतेकांच्या पायांत असतो हेही ठाऊक होते, तरी दुसऱ्या दिवशी टेप पुन्हा हाती येई. यजमानांना रोज विचारायचे, 'अहो, हा पाय बारीक दिसतो का हो?' ते म्हणत, 'नाही.' मन तासभर स्वस्थ होई. मग पुन्हा तेच.

आरोग्यचिंतेचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८० च्या दशकातच या चक्राची मांडणी केली आहे. शरीरात एक क्षुल्लक संवेदना उठते, मन तिचा भयंकर अर्थ लावते, भयाने हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात, झोप उडते, आणि त्यामुळे मूळ संवेदना आणखी वाढते. आता अर्थाला पुरावा मिळाला! शिवाय लक्ष हे दिव्याच्या झोतासारखे असते. ज्या पोटरीवर ते रोखले जाते तिथले प्रत्येक लवणे मोजले जाते, आणि ज्या खांद्यावर ते नसते तिथे दहादा लवले तरी कळत नाही. प्रत्येक तपासणीने, प्रत्येक दिलाशाने क्षणभर आराम मिळतो, म्हणूनच त्याची तलफ लागते.

इथे आपल्याच भूमीतील एका माणसाची आठवण होते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करी. त्या काळी मेस्मरच्या मताप्रमाणे एखादा अदृश्य चुंबकीय द्रव माणसामाणसांत वाहतो असे मानले जात होते. फारियाने ते मत नाकारले. समोर बसलेल्याची एकाग्रता आणि त्याची स्वतःची अपेक्षा यांतूनच सारे घडते, असे त्याने प्रतिपादिले. १८१९ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पणजीत मांडवीच्या काठी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. त्याच्या समोरून जाताना मनात येते, अपेक्षा आणि एकाग्रता यांनी झोप आणता येते, तशी ती घालविताही येते. फारियाची दुसरी गोष्ट गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्याचा धीर सुटला, तेव्हा वडिलांनी कोकणीत 'कातर रे भाजी' असे कुजबुजून त्याला सावरले, अशी आख्यायिका सांगतात. दिलासा असा असावा, एकदाच दिलेला, नेमका. रोज रात्री मागितलेला दिलासा ही भाजी नव्हे, ते व्यसन.

पणजीतील ज्या चेतातज्ज्ञांकडे मी गेले ते वयाने माझ्याहून बरेच लहान. त्यांनी पाऊण तास तपासले. एकेक स्नायूची ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया, तळपाय, जीभ, सारे. मग एकदा ई.एम.जी. केला, तो निर्दोष निघाला. महिन्याभराने मी तो पुन्हा करावा म्हटले, तर ते म्हणाले, 'मॅडम, तपासणीत काही बदललेले नाही. पुन्हा सुई टोचून तुमची भीती आणखी आठ दिवस पुढे ढकलली जाईल, एवढेच होईल.' त्यांनी नकार दिला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मला स्पष्ट वाटते की, केवळ रुग्णाला बरे वाटावे म्हणून चाचणी लिहून देणारा डॉक्टर त्याचे दुखणे वाढवितो. चाचणी हवी ती संशयासाठी. समाधानासाठी नीट तपासणी आणि वेळ द्यावा लागतो, आणि तोच आपण सर्वांत कमी देतो.

पुढचा उपचार साधा होता. तपासणीची पुढची तारीख आधीच ठरलेली. मध्ये नवे स्फुरण दिसले तरी फोन करायचा नाही, नवी दुर्बलता आली तर अवश्य करायचा. एकच डॉक्टर, दहा नव्हेत. आरसा आणि टेप बंद. मोबाइलवर शोध घेणे बंद. कॉफी एक पेला. सकाळी बायणाच्या किनाऱ्यावर चालणे, आधी दहा मिनिटे, मग वीस, मग चाळीस. यजमानांशी करार असा झाला की पायाबद्दल विचारले तर त्यांनी 'या प्रश्नाला उत्तर नाही' एवढेच म्हणायचे. पहिला आठवडा दोघांनाही कठीण गेला.

सगळ्यांचे एवढ्याने भागत नाही, आणि ते सांगायला संकोच नसावा. ब्रिटनमध्ये हृदयरोग, चेताविकार, पोटाचे विकार इत्यादी बाह्यरुग्ण विभागांतील तीव्र आरोग्यचिंता असलेल्या ४४४ रुग्णांवर वर्तन-बोधन उपचाराची चाचणी झाली. पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी ती लॅन्सेट नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षाअखेर चिंता सामान्य पातळीवर आलेल्यांचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत जवळजवळ दुप्पट होते. अर्थात ते सुमारे चौदा विरुद्ध सात टक्के इतकेच, म्हणजे जादू नव्हे. विशेष असे की हे उपचार थोड्या प्रशिक्षणानंतर परिचारिकांनाही उत्तम देता आले. याची दखल घेण्याचे कारणही तितकेच गंभीर. स्वीडनमधील २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र रोगभ्रम असलेल्यांचा मृत्युदर इतरांहून जास्त आढळला, आणि त्यात आत्महत्यांचा वाटा होता. 'तुला काही झालेले नाही' म्हणून हसून घालवावे असे हे दुखणे नाही. फ्रेंच नाटककार मोलियेरने १६७३ मध्ये काल्पनिक रोग्याची भूमिका रंगविली. चौथ्या प्रयोगात तो रंगमंचावरच कोसळला आणि त्याच रात्री वारला. चिंतातुर माणसालाही खरा आजार होऊ शकतो, म्हणून पहिली तपासणी पुरेपूर झालीच पाहिजे.

वास्को-मुरगावचा माणूस गोमेकॉच्या चेताविकार विभागात जायला कचरत नाही. त्याच बांबोळीत असलेल्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की घरात शांतता पसरते. माझ्याकडे येणाऱ्या मातांतही मी हे पाहते. झोपेत हातपाय झटकणाऱ्या नवजात बाळाचे चित्रण त्या मोबाइलवर घेऊन येतात. बाळ जागे केल्यावर झटके थांबतात ना, एवढे विचारले की बहुधा निदान होते. ती झोपेतली निरुपद्रवी थरथर असते आणि काही महिन्यांत जाते. पण काही माता दुसऱ्या दिवशी नवे चित्रण घेऊन येतात. अलीकडे मी त्यांना बाळाबद्दल सांगून झाल्यावर खुर्ची थोडी पुढे ओढते आणि विचारते, तुमची झोप किती होते?

माझे स्फुरण पूर्णपणे गेलेले नाही. दवाखान्यात दिवसभर उभे राहिल्यावर रात्री पोटरी लवते, कधी पापणी. सहा महिन्यांच्या तपासणीत ताकद पूर्ववत होती, वर्षाच्या तपासणीतही. त्यानंतरची तारीख चेतातज्ज्ञांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही.